लांडेबाई आणि झाडाची दवंडी

गवत कापल्यावर जो हिरवा वास सुटतो, तो मला फार आवडायचा. लांडेबाईंनी त्याची पार वाट लावली.

पंधरा ऑगस्टच्या आधीची गोष्ट. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाचं मैदान गुडघाभर माजलं होतं आणि अकरावीची पोरं विळे घेऊन ते साफ करत होती. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात हिरवं काही दिसणं हाच मुळात सण. मी व्हरांड्यात चहाचा कप घेऊन उभा. मराठीचा मास्तर, त्यात श्रावण; मला राहवतंय होय! म्हणालो, "वा! काय सुगंध सुटलाय!"

शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्याच सकाळी जीवशास्त्राच्या जागेवर रुजू झालेल्या. ठेंगण्या, सावळ्या, काखेत काळी छत्री, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं.

"सुगंध? अहो, आरोळी आहे ती. कापलं जातंय त्याला. शेजारच्याला सांगतंय, माझ्यावर आलंय, तू तयारीत राहा."

"गवत बोलतं म्हणता?"

"बोलतं की. आपल्या नाकाला ऐकू येतं, डोक्यात शिरत नाही, त्याला गवत काय करणार?" आणि लगेच माझ्या कपाकडे बघून, "चहा कुठं मिळतो हो मराठीवाले?"

माझं नाव त्यांनी विचारलं नाही. पुढं सगळी वर्षं मी त्यांचा 'मराठीवाले'च राहिलो. आता बाई नाहीत. पण अजून कुठं गवत कापलेलं असलं की मी तिथून जरा लाजतच पुढं जातो.

बाई मूळच्या सोनईच्या. बागायतदाराच्या घरातल्या, उसाच्या आणि पाटाच्या पाण्याच्या मुलखातल्या. त्या आमच्या कोरडवाहूत आल्या तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकमत झालं की दिवाळीपर्यंत बदली करून घेतील. बाई निवृत्त होईपर्यंत राहिल्या. शनिवारी दुपारच्या एसटीनं सोनईला जायच्या, सोमवारी सकाळी पिशवीभर भाजी घेऊन परत. ती भाजी स्टाफरूममध्ये वाटली जायची, पण फुकट नाही. प्रत्येक वांग्याबरोबर थोडं व्याख्यान असायचं.

नम्रता हा प्रकार बाईंना ठाऊक नव्हता. कुणी म्हणालं, "बाई, तुम्हाला बरंच माहिती आहे," तर त्या म्हणायच्या, "हो, आहेच." वर्गात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिथं तोंड उघडतील तिथं आवाज एकच. आणि कुठलंही झाड दिसलं की भिंग डोळ्याला. एकदा भर रस्त्यात एसटीच्या ड्रायव्हरला त्यांनी बस थांबवायला लावली होती, कारण बांधावरच्या तुरीच्या पानाला भोकं दिसली. ड्रायव्हर बिचारा त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. खाली उतरून तोही बघायला लागला. मागच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं, "काय सापडलं का वो?" तर बाई खालून ओरडल्या, "पाहुणे आलेत!" अळ्यांना त्या पाहुणेच म्हणायच्या.

माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता आणि मध्ये पत्र्याची भिंत. त्यामुळे झाडांची संप्रेरकं हा धडा मी दरवर्षी न शिकता शिकलो. इकडं मी अभंगाचं निरूपण करतोय आणि तिकडून गर्जना:

"अळीनं पान कुरतडलं. झाडाला पाय नाहीत, हात नाहीत, काठी नाही. मग ते करणार काय? दवंडी पिटणार! चावल्या जागेपासून दवंडी निघते. देठातून खोडात, खोडातून पार शेंड्याला. ज्या पानाला अजून कुणी शिवलेलंसुद्धा नाही, ते पान कामाला लागतं. असं काहीतरी रांधून ठेवतं, की अळीनं खाल्लेलं तिला पचत नाही. खाते, पण अंगी लागत नाही. या दवंडीचं नाव काय? जॅस्मोनिक आम्ल! ए, तू. तुझ्या केसातल्या गजऱ्याच्या वासात याचंच भावंड आहे. जाईवरूनच पडलंय ते नाव."

मग थोडं थांबून, "आता दुसरी दवंडी. रोग पडला, बुरशी आली, रस शोषणारे बारके किडे आले, की बहुतेक ही निघते. हिचं नाव सॅलिसिलिक. आणि देवळाच्या एकाच भोंग्यावर दोन माणसं बोलायला लागली तर काय होतं? एकाचंही धड ऐकू येत नाही. झाडाचंही कित्येकदा तसंच होतं. एक दवंडी दुसरीला दाबते."

तासाचा शेवट ठरलेला. "ज्याला पळता येत नाही, त्याला घरी बसून लढावं लागतं. म्हणून झाडाला तुमच्यापेक्षा अक्कल जास्त."

हे वाक्य म्हटल्यावर मात्र पलीकडून नुसतं फळा पुसल्याचं ऐकू यायचं. कारण आमच्या गावाला पळावंच लागतं. दिवाळी झाली की ट्रॅक्टर आणि ट्रक भरभरून माणसं ऊसतोडीला निघतात, श्रीगोंद्याकडं, आणि त्याच्याही पलीकडं. वर्गातली अर्धी बाकं रिकामी होतात. त्या रिकाम्या बाकांपुढं हे वाक्य म्हणणं सोपं नव्हतं. पण बाईंनी ते कधी गाळलं नाही.

दवंडीचा उपयोग त्या झाडापुरताच करायच्या असं नाही. आमच्या प्राचार्यांना तातडीच्या सभेचा भारी षौक. खडू संपला, तातडीची सभा. कुत्रं आवारात शिरलं, तातडीची सभा. एकदा त्यांनी एकाच आठवड्यात चौथी सभा बोलावली तेव्हा बाई उभ्या राहिल्या. "सर, झाडसुद्धा अळी चावल्याशिवाय दवंडी पिटत नाही. रोज पिटत बसलं तर वाढणार कधी, फुलणार कधी? सगळी ताकद लढाईतच जायची!" प्राचार्य म्हणाले, "मग काय करावं?" बाई म्हणाल्या, "चावू द्यात आधी." पुढचे दोन महिने एकही सभा झाली नाही.

आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढं तिचा संबंध येतो. बाई गोळी घेत नसत. त्यांचा उजवा गुडघा कायम दुखायचा. जिना चढताना तोंडातून 'आई गं' निघायचं. कुणी दुखण्याची गोळी पुढं केली की त्या हात आडवा करत. "गुडघा ओरडतोय तर ओरडू दे. काहीतरी सांगत असेल. त्याचं तोंड दाबून मी जिने चढले, तर नुकसान कुणाचं?" आणि खरंच त्या तिथंच पायरीवर बसायच्या, गुडघ्याचं म्हणणं ऐकून घेतल्यासारखं करायच्या आणि मग छत्री टेकत वर यायच्या. तास पाच मिनिटं उशिरा सुरू व्हायचा. प्राचार्यांची बोलायची टाप नव्हती.

आता मुक्ताची गोष्ट.

मुक्ता बाईंची विद्यार्थिनी. बारावी झाली, लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायला लागली. नवरा भाऊसाहेब, सरळ, राबणारा माणूस. त्यांची जमीन आमच्या कॉलेजच्या कुंपणाला लागून. बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर मुक्ता स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना. बाईंनी डोळ्यांनीच खूण केली तेव्हा आली आणि एकदम बोलून गेली.

"बाई, मी औंदा जानार न्हाई. मुकादमाला सांगून आले."

"बरं केलंस. काय झालं?"

"मागच्या साली गुडीपाडव्याला परत आलो तर आमची छकुली सासूच्या पदरामागं लपली. मी हात केला तर सासूला इचारती, 'आज्जे, ही मावशी कोन हाय?'" मुक्तानं पदर तोंडाला लावला. "मावशी म्हनली मला, बाई. पोटची पोर."

बाईंनी भिंग काढून साडीच्या पदरानं पुसलं, उगाचच. मग म्हणाल्या, "रानात काय टाकतेस?"

"हरबरा. इहिरीला वाईच पानी हाय."

"टाक. मी येते बघायला."

एवढंच. पण आम्हाला सगळ्यांना कळलं होतं, की तो हरभरा आला तर मुक्ता घरी राहणार, आणि गेला तर संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या गाडीत नवरा-बायको चढणार. मुकादमानं तसं बजावूनच ठेवलं होतं, "तुमची जागा ठिवतो. येतालच तुमी."

हरभरा उगवला, वीतभर झाला. शेंडे खुडायची वेळ आली. आमच्याकडं कोवळे शेंडे खुडून त्याचा घोळाना करतात. कांदा, मिरची, शेंगदाण्याचं कूट आणि कच्चं तेल. भाकरीबरोबर असा लागतो म्हणता! बाई स्वतः खुडायला गेल्या. जाताना आम्हालाही घेऊन गेल्या. खुडता खुडता व्याख्यान चालूच होतं. "शेंडा हा झाडाचा कारभारी. तो वर बसून बाकीच्या फांद्यांना दाबून ठेवतो. तो खुडला की बाजूच्या फांद्या मोकळ्या सुटतात. आणि खुडल्याची जखम झाली की दवंडीही निघते. तुमच्या आज्या हे घोळान्यासाठी करायच्या, झाडाचं आपोआप भलं व्हायचं."

"मंजी खाऊन बी फायदा!" भाऊसाहेब म्हणाले.

"अगदी. पण फुलं यायच्या आत. नंतर खुडलंत तर मार खाल."

फुलं धरायच्या सुमारास पाहुणे आले. बारक्या हिरव्या अळ्या. भाऊसाहेब हातात पंप घेऊनच कॉलेजवर आले. गावातल्या शेतीच्या औषधांच्या दुकानदारानं दोन जालीम बाटल्या काढूनही ठेवल्या होत्या. बाई भाऊसाहेबांना घेऊन तशाच दुकानात गेल्या, आणि चहाच्या आशेनं मीही मागोमाग.

"काय रे, तुझ्या दुकानात सगळं मिळतं ना?"

"व्हय बाई, तुमी सांगा फक्त."

"थांबायचं औषध आहे का?"

दुकानदार गोंधळला. बाई म्हणाल्या, "ते नसेल तर आज आम्हाला काही नको." मग रस्त्यात त्यांनी भाऊसाहेबांना समजावलं. "जावईबापू, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग असं करू नका. अळ्या अजून बारक्या आहेत आणि मोजक्या आहेत. झाडानं दवंडी पिटलीय. ती आरोळी एका बारक्या गांधीलमाशीलाही कळते. ती येते आणि अळीच्या अंगात अंडं घालते. तुम्ही आज फवारलं तर अळीच्या आधी तीच मरेल. रोज सकाळी बघायचं. अळ्या वाढताहेत असं दिसलं की मी स्वतः फवारायला सांगेन. तोवर थांबायचं."

भाऊसाहेब "बरं" म्हणाले. पण थांबणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. दरसाल या दिवसांत पहाटेपासून कोयता चालवणारा माणूस तो, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढणारा. त्याला सांगितलं बांधावर बस आणि बघ! बसून बसून तो अर्धा झाला. त्यात रोज संध्याकाळी मुकादमाचा फोन.

आणि इथं बाईंची चूक घडली. हो, चूक. बाईंचं व्यक्तिचित्र लिहायचं आणि ती गाळायची, तर बाई वरून छत्री मारतील.

कार्तिकात देवळाच्या सभामंडपात बाईंनी गावकऱ्यांपुढं भाषण केलं होतं. बोलता बोलता रंगल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही डोकं दुखलं की जी गोळी पाण्यात टाकता ना, तिच्याच जातीचं औषध झाड स्वतःच्या अंगात बनवतं. रोगाशी लढायला!" लोक हसले, टाळ्या पडल्या. बाई पुढच्या मुद्द्यावर गेल्या. ही कुठली दवंडी, अळीसाठीची की रोगासाठीची, एकीनं दुसरी कशी दाबली जाते, हे पत्र्याच्या भिंतीपलीकडून मी दरवर्षी ऐकलेलं सगळं सांगायचं राहून गेलं.

भाऊसाहेबांनी ते वाक्य पक्कं ध्यानात ठेवलं होतं. बाईंनी दुकानातलं औषध बंद केलेलं. पण गोळीचं तर बाईंनीच सांगितलेलं! आणि गोळ्या घरात होत्याच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात त्या असतातच. दिवसभर वाकून अंग मोडतं, रात्री गोळी घ्यायची, सकाळी पुन्हा कोयता. मागच्या हंगामातल्या उरलेल्या सगळ्या पट्ट्या त्यांनी पंपात विरघळवल्या आणि रस्त्याकडच्या बाजूनं फवारायला सुरुवात केली. पंप संपला तिथं थांबले. कुणाला काही बोलले नाहीत.

आठ-दहा दिवसांनी मुक्ता धावतच आली. "बाई, चला. रस्त्याकडचं रान खाल्लं."

आम्ही गेलो. खरोखर बघण्यासारखं होतं, म्हणजे वाईट अर्थानं. विहिरीकडचा हरभरा ठीक होता. चार भोकं इकडं, चार तिकडं. अळ्या होत्या, पण बारक्या, मरगळलेल्या. बाईंनी एक पान उलटून मला भिंगातून दाखवलं. तांदळाच्या कणीएवढा राखाडी कोष. "ही आपली गांधीलमाशी. अळी खाऊन तिनं घर बांधलंय." त्यांचा चेहरा खुलला होता. आणि मग एका सरीपाशी त्या थबकल्या. त्या सरीच्या पलीकडं सगळी पानं चाळणी झालेली. करंगळीएवढ्या माजलेल्या अळ्या, कोवळ्या घाट्यात डोकं खुपसून बसलेल्या.

बाई बराच वेळ त्या सरीवर उभ्या होत्या. एकदा डावीकडं बघत, एकदा उजवीकडं.

"जावईबापू, इथपर्यंत काय केलंत?"

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. मग सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. "तुमीच म्हनला हुता, बाई. झाड बी ह्योच गोळी करतंय म्हनून."

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार याला. पण बाई खाली बसल्या, त्या दुखऱ्या गुडघ्यावर, ढेकळात.

"म्हणाले होते. अर्धंच म्हणाले होते." मग त्यांनी मुक्ताकडं पाहिलं. "ऐक पोरी. आपल्या अंगात दुखलं की दुखण्याची आरोळी तयार होते. ही गोळी ती आरोळी दाबते. दुखणं तिथंच राहतं, नुसतं ओरडणं बंद होतं. झाडाची अळीवरची दवंडी आपल्या आरोळीच्याच घडणीची आहे. ही गोळी तिलाही दाबू शकते. अळी चावत राहिली, आणि झाडाला तोंड उघडता आलं नाही."

मुक्ता त्या पाकिटांकडं बघत होती. एक पाकीट तिनं उचललं, उलटंपालटं केलं.

"मंजी बाई," ती सावकाश म्हणाली, "इतकी वर्सं आमी सोताला बी ह्येच केलं की. कंबर वरडायची, आमी गोळी घ्यायचो. कंबर गप, आमी बी गप."

बाईंनी मुक्ताचा हात धरला आणि धरून ठेवला. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच पाहिलं. मला रडू आलं. लपवायला मी अळ्या बघत बसलो.

भाऊसाहेब म्हणाले, "जाऊ द्या बाई. मी फोन लावतो मुकादमाला. जातो दुसऱ्या गाडीनं."

"फोन खिशात ठेवा!" बाईंचा आवाज परत आला. छत्री टेकून त्या उभ्या राहिल्या. "अजून विहिरीकडचं रान उभं आहे. आणि मीही."

त्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून आवाज आला. गावात उरलेली सगळी माणसं, बहुतेक म्हातारी, ओट्यावर येऊन ऐकायला लागली. "मी कॉलेजच्या लांडेबाई बोलतेय. मी कार्तिकात इथं गोळीबद्दल जे बोलले, ते अर्धवट बोलले. अळी पडलेल्या पिकावर डोकेदुखीची गोळी कुणीही फवारू नये. भाऊसाहेबांच्या रानात नुकसान झालंय. गोळीनंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. रस्त्याकडची बाजू आहे, आणखीही कारणं असतील. पण गोळी असं करू शकते हे मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. चूक त्यांची नाही, माझी आहे. उद्या सकाळी ज्याला हातपाय आहेत त्यानं अळ्या वेचायला यावं." क्षणभर थांबून, "प्राचार्यांनीसुद्धा."

माफी मागतानाही हुकूम सोडणारी ही एकटीच बाई मी पाहिली.

सकाळी आम्ही सगळे रानात. रस्त्याकडच्या पट्ट्यात खाली जुनी लुगडी अंथरायची, झाड हलकं झटकायचं, पडलेल्या अळ्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत. मला अळीची शिसारी येते. मी अळ्या धरायला चुलीजवळचा चिमटा घेऊन गेलो होतो. बाई म्हणाल्या, "अळ्या वेचताय की पोळी भाजताय?" सगळं रान हसलं. प्राचार्य लुगड्याचं एक टोक धरून उभे होते आणि ही तातडीची सभा त्यांना मनापासून आवडलेली दिसत होती. छकुली आईच्या पदराला धरून एकेका अळीला "पाहुनी, पाहुनी" म्हणत होती.

वेचून झाल्यावर बाई दुकानात गेल्या. दुकानदारानं संधी साधली. "बाई, थांबायचं औषध संपलं का?"

"संपलं," बाई म्हणाल्या. "आता दुसरं दे. सौम्यातलं सौम्य, आणि त्या पट्ट्यापुरतंच. विहिरीकडं एक थेंब गेला तर बाटली तुला पाजीन."

संक्रांत झाली. दुसरी गाडी आली, वेशीवर उभी राहून तिनं बराच वेळ हॉर्न वाजवला. भाऊसाहेब ओट्यावर उठून उभे राहिले. मुक्तानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. ते परत बसले. गाडी गेली. रस्त्याकडचा पट्टा निम्म्याहून जास्त गेला, तो गेलाच. पण विहिरीकडचा हरभरा घाट्यांनी लगडला होता. सोंगणी झाली, मळणी झाली, आणि पाडव्याला मुक्ताच्या दारात गुढी उभी राहिली तेव्हा ती कुठूनही परत आलेली नव्हती. ती घरीच होती.

मध्यंतरी बाईंनी आणखी एक काम केलं. मुक्ताला जीपमध्ये घातलं आणि नगरला घेऊन गेल्या, कंबर दाखवायला. दुखणं जुनं निघालं, पण हाताबाहेर गेलेलं नव्हतं. "ऐकलं एकदाचं कंबरेचं," बाई परत आल्यावर म्हणाल्या, आणि सगळ्या स्टाफरूमला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. हेही मी एकदाच पाहिलं.

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होऊन सोनईला गेल्या. निरोप समारंभात मी भाषण करणार होतो. बाई म्हणाल्या, "मराठीवाले, थोडक्यात. रोज दवंडी पिटू नये."

शेवटचं दर्शन त्याच वर्षीच्या हिवाळ्यातलं. मी एसटीनं गावाकडं येत होतो. वेशीच्या अलीकडं बस थांबली, कारण समोर ऊसतोडीचा ट्रक उभा होता, मागं राहिलेल्या टोळ्या घेऊन निघालेला. वर माणसं, भांडी, गोधड्या, शेळ्या. आणि रस्त्याकडच्या रानात वीतभर हरभरा, आणि हरभऱ्यात दोघी वाकलेल्या. एकीच्या गळ्यात भिंग लोंबत होतं. शेंडे खुडायला बाई खास सोनईहून आल्या होत्या.

ट्रकच्या केबिनमधून मुकादम ओरडला, "मुक्ते! शेवटची गाडी हाय बघ. येती का?"

मुक्ता सरळ झाली. कमरेवर हात ठेवला. बाई खालूनच म्हणाल्या, "सांग त्याला. ज्याला पळता येत नाही, त्याला..."

"न्हाई बाई," मुक्तानं त्यांना मध्येच तोडलं. बाईंना तोडणारी तीच एक. "झाडाला पळता येत न्हाई. मला येतंय. लई पळले मी. आता मला येत आसून मी जात न्हाई." आणि मुकादमाकडं वळून, "जावा तुमी!"

बाई उठल्या. छत्री नव्हती हाताशी, म्हणून मुक्ताच्या खांद्याचा आधार घेऊन, 'आई गं' म्हणत उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी एकदाच पाहिलं होतं, भिंगातून कोष दाखवताना.

मग त्यांची नजर बसच्या खिडकीवर गेली. "अहो मराठीवाले! हात बाहेर काढा." मी काढला. लंगडत बसपाशी येऊन त्यांनी कोवळ्या शेंड्यांची ओंजळ माझ्या हातात कोंबली. "कांदा बारीक चिरायला सांगा. आणि वास घ्या आधी."

ट्रक हलला, मागोमाग आमची बस हलली. मी वळून पाहिलं तेव्हा दोघी पुन्हा वाकल्या होत्या. ओंजळीतल्या शेंड्यांना तो हिरवा वास येत होता. मी तो घरापर्यंत घेत गेलो.